पेट्यांना पाठ लावून

सेवकरामनं बांधलेला माल वाटेत सुटला असं कोणी म्हटलं असतं, तर चिखल्याभोवतालच्या चार गावांनी त्या म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. तीस वर्षं त्यानं बंडी हाकली. धानाचे भारे वाहिले, मोहफुलांची पोती वाहिली, आणि खाणीचा मॅंगनीजचा काळा दगड वाहिला, जो दिसतो मूठभर आणि उचलताना माणसाला त्याची माय आठवते. मालावर जाड दोराचा नाडा टाकायचा, दांडा अडकवून पीळ द्यायचा, गुडघा लावून आवळायचं आणि शेवटी ताणलेल्या नाड्यावर दोन बोटं मारून आवाज ऐकायचा. आवाज मनासारखा आला की "झालं" एवढंच म्हणायचं. त्यानंतर त्या मालाला दुसऱ्यानं हात लावलेला त्याला खपत नसे. बायकोनंसुद्धा नाही. लग्नाला नुकतं वर्ष झालं होतं तेव्हा धुरपता एकदा चार माणसांत बोलून गेली होती, "एक पीळ कमी वाटते." सेवकराम तिच्याशी तीन दिवस बोलला नाही. त्यानंतर मालाबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही, आणि बायको शहाणी झाली असं समजून हा गडी खूश होता.

पुढं ट्रक आले आणि बंडीचा धंदा बसला. पण नशीब बघा, जिथं बैल हरले तिथं विमान आलं. एका खाजगी खाणकंपनीनं गावाबाहेर, मोहाच्या झाडांपलीकडं मुरमाची धावपट्टी केली आणि एका पंख्याचं, सहा माणसांचं एक लहानसं विमान ठेवलं. गावानं त्याचं नाव भुंगा ठेवलं. भुंगा आठवड्यातून एकदा दगडाचे नमुने घेऊन नागपूरला जाई. नमुन्यांच्या पेट्या घासलेटच्या पिप्याएवढ्या, पण एकेक चाळीस किलोची. त्या चढवायला आणि बांधायला माणूस पाहिजे होता, आणि बांधायचं म्हटल्यावर दुसरं नाव घ्यायचं कोणी?

विमान चालवणारे कॅप्टन तलवार पंजाबी होते, फौजेतून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी त्यांनी सेवकरामला विमानाच्या तळाला जागोजागी बसवलेल्या लोखंडी कड्या दाखवल्या आणि बजावलं, "माल पीछे सरका तो नाक ऊपर, और हम नीचे. समझे?" सेवकरामला समजलं, कारण त्याला ते आधीपासूनच माहीत होतं. खाणीच्या चढणीवर माल मागंच ओढतो. तो मागं गेला की बंडी उलार होऊन मागं कलते, पुढची धुरी वर उचलली जाते आणि बैलांना गळफास बसतो. माल मागं जाऊ द्यायचा नाही, यातच त्याची सगळी विद्या होती. तो पेट्या पुढच्या आसनांच्या पाठीला भिडवून ठेवी, नाडा पेट्यांच्या मागून घेऊन पुढच्या कड्यांना आवळी. मागच्या कड्या त्यानं कधी वापरल्या नाहीत. पुढं आसनं होती, पुढं जायला मालाला जागाच कुठं होती? कॅप्टन आधी वाकून पाहत, नाडा हलवून बघत. सहा महिन्यांनी त्यांनी पाहणं सोडलं. "सेवकराम ने बांधा है ना? बस." हे वाक्य सेवकरामनं घरी जाऊन धुरपताला दोनदा सांगितलं होतं.

१९८१ सालचा भादवा. पोळा होऊन चार दिवस झाले होते आणि चारही दिवस पाणी थांबलं नव्हतं. तुमसरच्या वाटेवरचे ओढ्यांचे ठेंगणे पूल, रपटे, बुडाले, रेल्वेच्या रुळाखालची माती वाहून गेली, आणि भुंगा ताडपत्री पांघरून पट्टीच्या कडेला उभा राहिला. अशात सेवकरामच्या घरी शकुनला कळा सुरू झाल्या.

शकुन त्याची एकुलती एक लेक. साकोलीला दिली होती, दुकानदाराच्या घरात. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत, म्हणून सातव्या महिन्यात तो स्वतः जाऊन तिला घेऊन आला होता. निघताना व्याही हसत म्हणाले होते, "दोन नेऊन राहिले, दोन परत आनून द्या." सेवकरामही हसला होता. आता एक रात्र आणि एक पहाट गेली तरी शकुनची सुटका होत नव्हती, आणि ते हसणं त्याच्या छातीवर येऊन बसलं होतं.

सकाळी सात वाजता खाणीच्या दवाखान्यातल्या नर्स ललिताबाई हात धूत बाहेर आल्या. वीस वर्षांत त्यांनी अर्ध्या गावाला जन्माला घातलं होतं. त्या उगाच घाबरवणाऱ्या नव्हत्या.

"पोट्टं आडवं हाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "माह्या हातानं नाही होनार. कापा लागंल. नागपूरले न्या, दुपारच्या आत."

"कशानं नेऊ, बाई? रस्ता कोठी हाय?"

ललिताबाईंनी वर पाहिलं. ढग फाटले होते. सेवकराम तसाच अनवाणी कंपनीच्या ऑफिसाकडं धावला.

मधुकरराव तिथले बडेबाबू. माणूस वाईट नव्हता, पण कागदाला फार भ्यायचा. त्यांनी कॅप्टनला बोलावलं, कॅप्टननं आभाळ बघितलं आणि म्हणाले, "एक घंटा मौसम खुला है. अभी निकलेंगे." मधुकररावांनी मान डोलावली आणि सांगितलं, "पन तीन पेट्या जातीनच. चार दिवस झाले, नागपूरवाले बोंबलून राहिले. पोरीचं कागदावर काही लिहीत नाही मी. पेट्या गेल्या, त्यांच्यासंगं पोरगीही गेली, असं समजा." सेवकरामला त्या घडीला त्यांनी तीस पेट्या सांगितल्या असत्या तरी चाललं असतं.

मागची आसनं काढली. पुढच्या आसनांमागं गादी टाकली, तिच्यावर शकुनला निजवायचं ठरलं. म्हणजे पेट्यांना जागा उरली ती गादीच्या मागं, शेपटाकडं. सेवकरामनं तिन्ही पेट्या तिथं ओळीनं मांडल्या. लेकीच्या कण्हण्याचा आवाज कंपनीच्या जीपमधून येत होता आणि त्याचे हात आपोआप चालत होते, तीस वर्षं चालले तसे. नाडा पेट्यांच्या मागून घेतला, पुढच्या कड्यांत ओवला, गुडघा लावला, पीळ दिला. माल मागं जाता कामा नये. आज तर मुळीच नाही. त्यानं रोजच्याहून दोन पीळ जास्त दिले आणि नाड्यावर बोटं मारली. आवाज खणखणीत आला.

"झालं, साहेब."

"तूने बांधा है ना? बस," कॅप्टन म्हणाले आणि चढले.

जीपचा ड्रायव्हर इश्वर आणि सेवकराम दोघांनी शकुनला उचलून आत ठेवलं. तिचं डोकं पेट्यांकडं आलं, पाय कॅप्टनकडं. तिच्या ओठांवर रक्त होतं, चावून चावून आलेलं. "बाबा," एवढंच ती म्हणाली. सेवकरामनं तिच्या कपाळावरचे केस मागं केले.

मागून धुरपता चढली, काखेत गोधडीची घडी घेऊन. "तू समोर बस, साहेबाच्या बाजूले," सेवकराम म्हणाला. "तठी आसन हाय, पट्टा हाय."

धुरपता नाड्याकडं पाहत होती. मग तिनं सेवकरामकडं पाहिलं, दारात उभ्या कंपनीच्या माणसांकडं पाहिलं, आणि पुन्हा नाड्याकडं. पेट्या आणि लेकीचं डोकं यांच्यात वीतभर जागा होती, तिथं ती घुसली आणि पेट्यांना पाठ लावून बसली. शकुनचं डोकं तिनं मांडीवर घेतलं.

"आयकत नाही ही बाई," सेवकराम चिडून म्हणाला. पण मनातून त्याला बरंही वाटलं. आपल्या बांधणीवर बायकोचा केवढा भरवसा, पाठ टेकून बसली.

दार लागलं. भुंगा घरघरत पट्टीच्या दूरच्या टोकाकडं निघाला.

"चाल बाबा, शेडाकडं सोडतो," इश्वरनं जीप सुरू केली. सेवकराम त्याच्या शेजारी बसला, मान वळवून विमानाकडं बघत. पन्नास पावलं गेले नसतील, तेवढ्यात झुडपातून एक बकरी उडी मारून समोर आली. इश्वरनं ब्रेक दाबला. बकरी वाचली. मागं पडलेला लोखंडी जॅक सरकत आला आणि आसनाखालून येऊन सेवकरामच्या घोट्यावर बसला.

तो ओरडला नाही. घोट्याकडं बघत राहिला. मग जॅककडं. मग मागच्या रिकाम्या जागेकडं, जिथून तो आला होता.

बैल असा थांबत नाही. बैल थांबतो तो चार पावलं घेऊन, मान हलवून, धन्याचं ऐकून. तीस वर्षांत त्याच्या बंडीला ब्रेक नव्हता. आणि विमान थांबतं ते कसं, हे त्यानं दोन वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. जमिनीला टेकलं की कॅप्टन ब्रेक दाबतात, मुरूम उडतो, नाक खाली दबतं. दोन वर्षं पेट्यांपुढं आसनं होती. आज आसनं नव्हती. आज पेट्यांपुढं त्याची बायको होती आणि तिच्या मांडीवर लेकीचं डोकं होतं. एकशेवीस किलो दगड, मागं जाऊ नये म्हणून त्यानं देवासारखा बांधला होता, आणि पुढं यायला त्याला सगळी वाट मोकळी सोडली होती.

"इश्वर!" तो जीपमधून पडल्यासारखा उतरला आणि पट्टीकडं पळत सुटला.

घोटा सुजत होता, ते त्याला नंतर कळलं. दूरच्या टोकाला भुंगा वळला होता. आवाज चढला. विमान पट्टीवरून त्याच्याच दिशेनं धावू लागलं. सेवकराम चिखल तुडवत कडेपर्यंत पोचला आणि त्यानं हात वर केला. अजून चार पावलं टाकली असती, मधोमध उभा राहिला असता, तर कॅप्टननं पाहिलंच असतं. पाहिल्याबरोबर काय केलं असतं?

ब्रेक मारला असता.

त्याचा पाय उचललेला होता तो तसाच राहिला. पुढं गेलो तर मारतो. मागं राहिलो तर मरायला पाठवतो. असा विचार करायला माणसाला किती वेळ मिळतो? विमान शंभर हातांवर आलं. काचेमागं कॅप्टनचा चेहरा दिसला, तो त्याच्याकडं वळत होता. सेवकरामनं वर केलेला हात खाली आणला, दोन्ही हात जोडले आणि तोंडावर हसू आणलं, निरोप द्यायला आल्यासारखं. कॅप्टननं बोट कपाळाला लावून सलाम केला. भुंगा त्याच्या अंगावर वारा फेकत गेला आणि मोहाच्या झाडांवरून उचलला गेला. उठताना माल मागं ओढतो. नाडा धरून होता. तेवढ्यापुरतं त्याचं काम चोख होतं.

मग तो तिथंच चिखलात बसला.

इश्वर धावत आला. "काय झालं गा? काहून बसला असा?"

"किती वेळ लागते नागपूरले?"

"पंचवीस मिनिटं. काहून?"

"ऑफिसात चाल. लवकर चाल बाबू, तुह्या पाया पडतो."

आकाशात गेलेल्या विमानाशी चिखल्यातून बोलायची काही सोय नव्हती. नागपूरच्या विमानतळाचं टॉवर मात्र कॅप्टनशी बोलू शकत होतं, आणि भुंगा निघाल्याचं कळवायला मधुकररावांकडं तिथला टेलिफोन नंबर होता. सेवकरामनं दारातूनच सांगितलं. एका दमात सांगितलं, काही लपवलं नाही.

मधुकररावांनी चष्मा काढला. "थांब, थांब. माल नीट बांधला नाही, हे मी विमानतळाले सांगू? लेखी होईल ते. चौकशी होईल. अंदर बाया काहून होत्या, कोनाच्या परवानगीनं होत्या, सारं निघंल. तुही नोकरी जाईल, माही बी जाईल. आन काही झालं नाही तर?"

"आन झालं तर?"

"अरे, दोन वर्षांत तुही एक गाठ सुटली नाही."

"गाठ नाही सुटत, साहेब!" सेवकराम ओरडला. "गाठ चांगलीच हाय. मीच चुकीच्या बाजूनं बांधलो. मीच, सेवकरामनं. लिहून घ्या, अंगठा देतो. पन फोन लावा."

मधुकररावांनी घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं झाली होती. त्यांच्या पोटच्या दोन मुली होत्या, तेव्हा कदाचित त्यांना त्या आठवल्या असतील. त्यांनी फोन उचलला आणि तुमसरच्या एक्सचेंजला लाइटनिंग कॉल मागितला. जिवाच्या कामालाच मागतात तो.

तारेत पाणी शिरलं होतं. एकदा तुमसर लागलं आणि तुटलं. दुसऱ्यांदा लागलं तर ऑपरेटर म्हणाली, नागपूरची लाइन मिळत नाही, थांबा. चौदा मिनिटं. सेवकराम टेबलाची कड धरून उभा होता. त्याला शकुन लहानपणीची आठवत होती, बंडीत भाऱ्यांपुढं आईला टेकून झोपलेली. सतरा मिनिटं. "बोला, नागपूर आलं," ऑपरेटर म्हणाली. मधुकररावांनी नंबर सांगितला, घंटी वाजली, वाजत राहिली, आणि कोणीतरी उचलला.

मधुकरराव बोलू लागले, "आमच्या विमानातल्या मालाबाबत थोडी शंका..." आणि पलीकडून आवाज आला की ऐकू येत नाही, कसली शंका, मोठ्यानं बोला. सेवकरामनं त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला. जन्मात त्यानं फोन धरला नव्हता. उलटा धरला. इश्वरनं तो सुलटा केला.

"साहेब, चिखल्याहून बोलून राहिलो! आमच्या विमानात तीन पेट्या हायेत. एकशेवीस किलो. पुढं यायले मोकळ्या हायेत. मीच बांधलो साहेब, उलटा बांधलो. पुढं माही पोरगी हाय, बाळंतीन व्हायची हाय, बायको हाय. कॅप्टन साहेबाले सांगा, ब्रेक मारू नोका. लांब धावू द्या. ब्रेक..."

कानात खरखर झाली आणि मग काहीच नाही.

"हॅलो? साहेब? हॅलो!"

ऑपरेटर पाच-सहा मिनिटं प्रयत्न करत होती. लाइन मेली होती. "ब्रेक" हा शब्द पलीकडं पोचला की तारेतल्या पाण्यात बुडाला, हे सांगायला कोणी नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात पंचवीस मिनिटं झाली, मग सव्वीस. सेवकराम ऑफिसाच्या पायरीवर जाऊन बसला. इश्वरनं चहा आणून ठेवला, त्याच्यावर साय धरली.

ऊन पडलं. पट्टीवर चाकांच्या खुणा वाळू लागल्या. ललिताबाई येऊन जवळ बसल्या. सेवकराम मधूनमधून बोलत होता, आपल्याशीच. "बस म्हनलं समोर. पट्टा हाय म्हनलं. आयकली नाही." तो बायकोवर रागावला होता, कारण दुसऱ्या कोणावर रागवायचं ठरवलं असतं तर तो तिथं बसू शकला नसता.

साडेतीनला फोन वाजला. मधुकररावांनी ऐकलं, दोनदा "काय?" म्हणाले, आणि बाहेर आले.

"पोरगी बरी हाय. कापलं. पोरगा झाला, रडते म्हनतात मोठ्यानं." ते थांबले. "शकुनच्या मायले लागलं. किती, ते आयकू आलं नाही. लाइन गेली."

दोन दिवसांनी रपट्यावरचं पाणी उतरलं तेव्हा पहिल्या ट्रकमध्ये सेवकराम होता. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात खाली शकुन भेटली, तिच्या कुशीत गाठोड्यासारखं पोर. ती म्हणाली, "माय वरच्या मजल्यावर हाय, बाबा. आधी तठी जा." जिन्यात कॅप्टन तलवार उभे होते, हातात मोसंबीची पिशवी.

"सेवकराम, टॉवर ने बोला था. मैंने ब्रेक नहीं मारा, पूरा रनवे छोड़ दिया." ते नजर देत नव्हते. "लेकिन रनवे पे पानी था. पहिया पानी में गया, झटका लगा. छोटा झटका. उतने में..." त्यांनी हातानं वीतभर अंतर दाखवलं. "ब्रेक मारता तो तीनों नहीं बचते. गलती मेरी है. देखना मेरा काम था. मैंने देखा नहीं."

सेवकरामनं मान हलवली आणि वर गेला.

धुरपता भिंतीला लोड लावून बसलेली होती. डावा खांदा प्लास्टरमध्ये, छातीला पट्टे, श्वास अर्धाअर्धा. दोन फासळ्या आणि खांद्याचं हाड. तिनं त्याला पाहिलं आणि पदर सावरायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. सेवकरामनं तो सावरून दिला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"नातू पाहिला?" तिनं विचारलं.

"पाहिला." तो खाटेच्या कडेला बसला. "तुले म्हनलं होतं, समोर बस. तू समोर बसली असती तर..."

"तर पेटी शकुनच्या डोक्यावर येती."

सेवकराम तिच्याकडं पाहत राहिला. हळूहळू त्याला नाड्याकडं पाहणारी धुरपता दिसली, मग त्याच्याकडं पाहणारी, मग माणसांकडं.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"कसं?"

"तीस वर्षं तुमच्या बंडीत मालाच्या पुढं मीच बसली," धुरपता म्हणाली. तिला एका दमात एवढं बोलवत नव्हतं, ती थांबून थांबून बोलली. "शेताच्या धुऱ्यावरून बंडी खाली उतरे, भारे माह्या पाठीवर येत. तुमी बैलाकडं पाहत होते. माल पुढं येते का मागं जाते, ते माह्या पाठीले इचारा."

"मंग बोलली काहून नाही?" त्याचा आवाज फुटला. शेजारच्या खाटेवरची बाई वळून पाहू लागली.

"साहेब होते. चार मानसं होते. साहेब म्हनत होते, सेवकरामनं बांधलं नं, बस. त्याच्यात मी म्हनू, की उलटं हाय?" तिनं डोळे मिटले. "मनात आलं, बोललं तर तुमाले लागंल. नाही बोललं तर मले लागंल. मंग गोधडीची घडी पाठीशी घेतली आन बसली."

सेवकराम रडला. दवाखान्यात, परक्या बायांसमोर, तोंडावर हात न घेता रडला. एका पिळाबद्दल बायकोशी तीन दिवस न बोललेला तो तरणा गडी त्याला तिथं खाटेच्या पायथ्याशी उभा दिसत होता, मिशीला पीळ देत, आणि त्याच्या थोबाडीत मारायला सेवकरामचा हात शिवशिवत होता.

चौकशी झाली. मधुकररावांना ताकीद मिळाली, कॅप्टनचा महिनाभर परवाना अडकला. सेवकरामची नोकरी जाणार असं सगळ्यांनीच धरलं होतं, पण कॅप्टननं लिहून दिलं की फोन याच माणसानं केला, आणि ती राहिली.

दिवाळी होऊन आठ दिवसांनी भुंगा पुन्हा नमुने घेऊन निघायचा होता. गावातली बरीच माणसं पट्टीवर जमली होती, कारण त्या दिवशी सेवकराम काय करतो ते सगळ्यांना पाहायचं होतं. आसनांमागं थोडी जागा सोडून त्यानं पेट्या ठेवल्या. नाडा मागून घेऊन पुढच्या कड्यांना आवळला, मग दुसरा नाडा पुढून घेऊन मागच्या कड्यांना आवळला. गुडघा लावला, पीळ दिला, नाड्यावर बोटं मारली. कॅप्टन वाकून पाहत होते.

"हो गया?"

"थांबा, साहेब," सेवकराम म्हणाला.

मोहाच्या झाडाखाली त्याची बंडी सोडलेली होती आणि बंडीत धुरपता बसलेली होती. घरून निघताना त्यानं तिला फक्त "चाल" म्हटलं होतं. आता तो तिथपर्यंत गेला, तिचा उजवा हात धरून तिला सगळ्या माणसांमधून आणलं आणि विमानात चढवलं. डावा हात तिचा अजून खांद्याच्या वर जात नव्हता. कोणीतरी मागं खुदकन हसलं. सेवकरामनं ऐकलं आणि सोडून दिलं.

"पाह्य, शकुनची माय," तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "बरोबर हाय काय?"

धुरपता पेट्यांपुढं बसली. पाठ टेकली, टाच रोवली आणि पाठीनं पेट्यांना रेटा दिला. मग समोरून उठून मागं गेली, गुडघ्यानं पेटी पुढं लोटून पाहिली. चार माणसं बघत होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, क्षणभर अडखळली.

"एक पीळ कमी वाटते," ती म्हणाली.

सेवकरामनं दांडा उचलला आणि एक पीळ दिला.